अठराच्या ट्रॅक्टरला सहा फुटी यंत्र

थांबा. बाकीचं सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगू द्या, न्हाईतर माझं डोकं फुटंल. आज खरं तर मी शाळेच्या दिवसांवर लिहायला बसणार होते. पण सकाळी चहा पिता पिता फोन उघडला, तर कुण्या पोरानं फोटो पाठवलेला. बारका लालभडक ट्रॅक्टर, नवाकोरा, बोनेटवर हार तसाच. आणि त्याच्या मागं हे एवढं रुंद झुडपं तोडायचं स्लॅशर जोडलेलं, ट्रॅक्टरच्या दोन्ही चाकांच्या बाहेर आलेलं, बकरीच्या पाठीवर बाज टाकावी तसं. खाली लिहिलेलं, "ताई, चालंल का हो?" मी त्याला लिहिलं, "न्हाई चालणार, आजच्या आज वापस कर." ते तर झालं, पण माझी बोटं थांबंनात. तोच वास नाकात आला. जळालेल्या क्लचचा वास. ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला न्हाई त्यानं जुनं रबर आणि केस सोबत जाळून बघावं. लोक म्हणतात, तुझं वय काय, आणि आत्मकथन कसलं लिहून राहिलीस? लिहून राहिले, कारण मला एका माणसाचा राग आहे आणि तो अजून गेलेला न्हाई.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधी, दोन्हीकडच्या एसट्या जिथं धूळ उडवून पुढं जातात, तसं. ते दुष्काळाचे दिवस होते. आमच्या घरात सकाळ कोंबड्यानं न्हाई, टँकरच्या हॉर्ननं व्हायची. हॉर्न वाजला की आई तव्यावरची भाकर तव्यावरच टाकून घागर घेऊन पळायची, त्यामुळं त्या वर्षात आम्ही एका अंगानं करपलेल्या भाकरी लई खाल्ल्या. तोंडी लावायला कारळाची चटणी, न्हाईतर नुसतं तिखट-तेल. दादा, म्हणजे माझे वडील, कपाळाला इभूत लावून ओट्यावर बसायचे आणि दुखरा गुडघा चोळत आभाळाकडं बघायचे. गुडघा विहिरीच्या पायरीवरून घसरून गेलेला. तेव्हापासून क्लच दाबला की त्यांच्या डोळ्यातून पाणी यायचं. म्हणून ट्रॅक्टर मी चालवायचे. बारावी झालेली, कॉलेज दूर, घरात दुसरं कोण न्हाई. अठरा हॉर्सपावरचा बारका ट्रॅक्टर, तुरीच्या दोन ओळीतनं सुळकन जाणारा. गावात मी त्याच्यावर बसून निघाले की पारावरचे म्हणायचे, "आली बघा ड्रायव्हरीण!" मी ऐकून घ्यायचे, कारण खरं सांगू का, मला लई मजा यायची. त्या सीटवर बसलं की मी कुणाची लेक, कुणाची होणारी सून असलं काही नसायचे. मी ट्रॅक्टर चालवणारी सुवर्णा असायचे. एवढंच माझ्याजवळ होतं, आणि तेच त्या माणसानं काढून घेतलं.

झालं असं, की आमच्या तालुक्याचा जिल्हा होणार अशी हवा उठली. पाणी न्हाई, पीक न्हाई, पण जिल्हा होणार! हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात, मयतीला गेलेल्या माणसांतसुद्धा तेच. कलेक्टरचं हापिस कुठं, कोर्ट कुठं, सगळं लोकांनी चहाच्या टेबलावर पाण्याचं बोट फिरवून आखून टाकलं. तालुक्याच्या गावाबाहेरचा एक भलामोठा माळ त्यासाठी धरला होता, आणि तो पुरता वेड्या बाभळीनं आणि तरवडानं भरलेला. तो साफ करायचा ठेका एका ठेकेदारानं घेतला. तो दादांच्या ओळखीचा. म्हणाला, "जाड खोडं माझी माणसं कुऱ्हाडीनं घेतील. बारकी झुडपं तुमच्या ट्रॅक्टरनं काढा." दुष्काळात असं काम म्हणजे देवानं दार ठोठावल्यासारखं. फक्त त्याला स्लॅशर पाहिजे. स्लॅशर म्हणजे लोखंडी टोप पालथा घातल्यासारखं यंत्र, ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं. टोपाखाली जाडजूड पाती पंख्यासारखी गरगर फिरतात आणि समोर येईल ते झुडूप तोडून फेकतात. पाती फिरवायची ताकद ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यातनं येते, त्याला सगळे पीटीओ म्हणतात.

अवजारांचं दुकान लातूरला, गुरलिंगअप्पांचं. आमच्या भावकीतले, दादांचे लांबचे चुलतभाऊ. दुकानात शिरल्याबरोबर अगरबत्ती, ग्रीस आणि नव्या रंगाचा वास. अप्पा गादीवर बसलेले, पांढरी टोपी, गळ्यात लिंग, तोंडात गूळ. म्हणजे बोलणं गुळाचं. दादांना आमच्या रीतीनं "शरणार्थी" म्हणून नमस्कार घातला, चहा मागवला, आणि दादांचा हात हातात घेऊन थेट कोपऱ्यातल्या त्या सहा फुटी यंत्राजवळ नेलं. त्याच्या टोपावर धूळ बसलेली मला दिसली. मी बाजूच्या बारक्या, तीन फुटीकडं बघत होते. मी विचारलं, "अप्पा, आपला ट्रॅक्टर अठराचा हाय. हे एवढं फिरवंल का?"

अप्पा हसले. दुकानातल्या गिऱ्हाइकांकडं बघून हसले, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "बघा, लेकरू ट्रॅक्टरची कीव करतंय! पोरी, बैलाला विचारून गाडी भरतीत का? हे घ्या दादा, एका फेरीत डबल काम. तीन फुटी म्हणजे खेळणं हाय, माळ साफ करता करता दुसरा दुष्काळ यील."

दादा पण हसले. दादांचं असं, की भावकीतल्या माणसासमोर 'लहान द्या' म्हणायची त्यांना लाज. आमच्याकडं हे हायच बघा. आहेराचं लुगडं असो, लग्नाचा मांडव असो की अवजार, नातेवाइकासमोर बारकं मागितलं की इज्जत जाते. त्या इज्जतीपायी सहा फुटी यंत्र आमच्या दारात आलं. आईनं त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला.

माळावर गेले. पहिल्या झुडपातच कळलं मला. पाती फिरायला लागली तसा इंजिनचा आवाज खाली बसला, दम्याच्या माणसानं जिना चढावा तसा. काळा धूर. झुडूप कापायच्या ऐवजी पाती त्याला नुसतं झोडपायची, सालटं काढायची, आणि अडकून बसायची. चढावर तर यंत्राच्या वजनानं पुढची चाकं जमीन सोडायची, स्टेअरिंग हातात हलकं हलकं लागायचं. मधल्या शाफ्टला एक बोल्ट असतो, तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, की जोर जास्त झाला तर तोच तुटावा आणि बाकीचं वाचावं. तो सारखा तुटायला लागला. दादांनी अप्पांना फोन लावला. अप्पा म्हणाले, "तुटतो तर पक्का टाका की! चांगला कडक बोल्ट टाका, बघा कसा चालतो." दादांनी टाकला. मी म्हणाले, "दादा, हा तुटायलाच असतो." दादा म्हणाले, "तुला अप्पांपेक्षा जास्त कळतं का?" बोल्ट काही तुटला न्हाई. दुपारी बाभळीच्या एका बुंध्यात पाती अडकली, ट्रॅक्टर असा हिसका देऊन थरथरला की माझे दात एकमेकांवर आपटले, आणि सीटखालून तो वास आला. क्लच गेला. शाफ्ट पिळून वाकडा. ठेकेदार कंबरेवर हात ठेवून बघत होता, आणि त्यानं तिथंच दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहिलंच नसतं. यंत्रं मोडतात, नीट होतात. पण दादा अप्पांकडं तक्रार घेऊन गेले, मी सोबत, आणि अप्पांनी भरल्या दुकानात, ठेकेदार तिथंच बसलेला असताना, सुपारी कातरत म्हणलं, "यंत्रात खोट न्हाई दादा. पोरगी क्लचवर पाय ठेवून चालवती. बाईमाणसाचा पाय तो, शिलाई मशीनची सवय. ट्रॅक्टर काय पायमशीन हाय का?" सगळे हसले. मी दादांकडं बघितलं. माझा पाय क्लचवर नसतो हे दादांना माहीत होतं, त्यांनीच मला शिकवलं होतं. दादा काही बोलले न्हाईत. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला त्या दिवशी त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "सुवर्णे, आता घरात बघ." पंधरवड्यात तर गावभर झालं, ड्रायव्हरणीनं ट्रॅक्टर जाळला. पारावर मी दिसले की एक जण पायमशीन चालवल्यासारखा पाय हलवून दाखवायचा. मी घरात भाकरी थापायचे, आणि प्रत्येक भाकर मला गुरलिंगअप्पांच्या गालासारखी दिसायची. खरं सांगते, लई जोरात थापायचे.

मग मी नांदेडला गेले. आत्याची पोरगी चित्रा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती. आईला सांगितलं, चार दिवस मन रमवून येते. गोदावरीचं पाणी पार आत सरकलेलं, काठाला चिखल वाळून भेगा पडलेल्या, आणि आम्ही दोघी हॉस्टेलच्या मागं फुटाणे खात बसलेलो. मी रडले आधी. चित्रा म्हणाली, "रडून झालं का? आता आकडे सांग." सांगितले. ती ओरडलीच, "सहा फुटी? आगं, घरच्या बारक्या मिक्सरवर हॉटेलचं भांडं बसवून हरभरे वाटशील का तू? मोटर जळंल का न्हाई?"

"जळंल."

"मग! एका फुटाला मोटामोटी पाच हॉर्सपावर धर. आणि बोनेटवर लिहिलेले अठरा सगळे मागं येत न्हाईत. थोडी ताकद मधीच मरते. मागच्या दांड्यावर पंधराएक उरली तर नशीब. पंधराला तीन फूट. सहा फुटाला तीस पाहिजेत, आणि वेडी बाभूळ असंल तर त्याच्याबी वर. समोरची चाकं उचलत होती का?"

"हाव!"

"मेली असतीस येडे. ट्रॅक्टरला पेलणार न्हाई इतकं वजन दिलं त्यांनी. आणि वर कडक बोल्ट? तो माणूस दुकानदार हाय का दरोडेखोर?"

मला इतकी तसल्ली वाटली की काय सांगू. आणि तसल्लीच्या मागं मागं राग, नव्यानं, दुप्पट. कारण अप्पांना हे माहीत होतं. रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाला फुटाला किती पावर लागतो हे माहीत नसंल? धूळ खाणारं यंत्र खपवायचं होतं, खपवलं, आणि वरून माझ्या पायाला नाव ठेवलं. मी चित्राला म्हणाले, "त्याच्या तोंडून वदवून घेणार. ज्यांच्यासमोर बोलला त्यांच्यासमोर." चित्रा म्हणाली, "दुकानात जाऊन भांड." मी म्हणाले, "दुकानात न्हाई. येळवशीला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी लातुरात दुकानं बंद, रस्ते ओसाड, सगळं जग शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडवांचे दगड मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि जेवायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. त्या दिवशी आलेल्या माणसानं 'नको' म्हणायचं न्हाई, आणि घरधन्यानं वाढायचं थांबायचं न्हाई. अप्पा दरवर्षी आमच्याच शेतात यायचे. त्या वर्षी दादांनी ठेकेदाराला पण बोलावलं, पुन्हा काम मिळावं म्हणून.

कडबा जनावरालाच पुरत नव्हता, तर कोपीला कुठून आणायचा? आईनं चार तुराट्या उभ्या केल्या आणि स्वतःचं इरकल लुगडं वरून टाकलं. ज्वारी गुडघ्यालाच वाळलेली. पण टँकरचं पाणी राखून राखून ताकातली आंबील केली, हरभरा-वाटाण्याची भाजी म्हणजे भज्जी केली, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. भज्जीत हरभरा, वाटाणे कमी आणि बेसन जास्त, पण वास तोच. शेजारच्या शेताचे बालाजीकाका त्यांच्या पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून सगळ्यांना घेऊन आले. अप्पा आले, ठेकेदार आला, पारावरचे ते पाय हलवणारे पण आले. आईनं माझं तोंड बघूनच ओळखलं. कानात म्हणाली, "सुवर्णे, आज शेतात आलेला माणूस देव असतो. उपाशी उठवायचं न्हाई."

मी म्हणाले, "आई, उपाशी तर बिलकुल उठू देणार न्हाई."

पदर खोचला आणि वाढायला मीच घेतलं. अप्पांच्या ताटाला चिकटले. पहिलं ताट त्यांनी आवडीनं खाल्लं. दुसरं कौतुकानं खाल्लं. मी आणखी भज्जी टाकली, "अप्पा, तुमच्यासाठी केली." आंबिलीचा तांब्या रिकामा झाला की भरला. उंडा मोडून ताटात. खीर. वर तूप. अप्पांनी ताटावर हात आडवा धरला, मी बोटांच्या फटीतनं वाढलं. बायका हसायला लागल्या. त्यांनी पैजाम्याची नाडी सैल केली. कपाळावरच्या इभूतीतनं घामाचे ओहोळ. मी तिळाची पोळी पुढं केली.

"बस पोरी, मावत न्हाई आता."

"असं कसं अप्पा? एका बैठकीत डबल काम व्हतंय की."

"आगं पोट फुटंल! माणसाच्या पोटाला काही माप हाय का न्हाई?"

मी पोळी हातात धरून तशीच उभी राहिले. एवढंच ऐकायला मी सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडली होती. "हाय ना, माप हाय," मी म्हणाले, मोठ्यानं. "पोटाला माप हाय, मग आमच्या अठराच्या ट्रॅक्टरला नव्हतं का? त्याच्या पोटात सहा फूट कोंबताना तुमचा हात कसा थांबला न्हाई? फुटाला पाच लागतात, अप्पा. हे मला नांदेडला जाऊन कळलं, तुम्हाला गादीवर बसून कळत नव्हतं?"

मग बालाजीकाका असे हसले की त्यांच्या तोंडातली आंबील बाहेर आली. अप्पांचा चेहरा काळानिळा. म्हणाले, "ट्रॅक्टर म्हणजे काय माणूस हाय का? यंत्र चांगलं हाय, चालवणारी..."

"थांबा अप्पा," बालाजीकाका म्हणाले. "जोडू की माझ्या पंचेचाळीसला. दूध का दूध व्हईल."

आईनं पळी उगारली. "आज न्हाई! आज काळ्या आईवर लोखंड चालवायचं न्हाई. उद्या काय करायचं ते करा."

अप्पा लातूरला निघून गेले असते तर सगळं वाया गेलं असतं. पण आंबिलीनं झोप येते हो. त्यातून तीन ताटं. अप्पा बाभळीखाली आडवे झाले ते तोंड उघडं टाकून दिवस मावळेपर्यंत, आणि उठले तेव्हा चालवंना. आमच्याच घरी मुक्काम. सकाळी बांधावर माणसं आधीच जमलेली, ठेकेदार मुद्दाम मोटारसायकलवर आलेला. तेच यंत्र, तीच पाती, नवा शाफ्ट, नवा कच्चा बोल्ट. बालाजीकाकांनी जोडलं, आणि खाली उतरून मला म्हणाले, "बस. तूच चालव."

मी बसले. पीटीओ टाकला. इंजिन साधं खोकलं पण न्हाई. बांधाकडची वेडी बाभूळ, तरवड, सगळं खसाखसा, कोथिंबीर चिरावी तसं. मागं हिरवा-पांढरा चुरा, चिरलेल्या लाकडाचा वास. टोकापर्यंत जाऊन वळले आणि अप्पांच्या बरोब्बर समोर येऊन थांबले. अप्पा म्हणाले, "बघा! यंत्र एक नंबर, मी काय म्हणत होतो?"

मी इंजिन बंद केलं. "दुसरं काय म्हणत होता, ते बी सांगा."

ते पायाकडं बघायला लागले. मग पुटपुटले, "पोरीचा दोष न्हाई. माझंच माप चुकलं."

"ठेकेदारांना ऐकू गेलं न्हाई, अप्पा."

"पोरीचा दोष न्हाई!" ओरडले ते. आवाज बांधाच्या पलीकडं गेला. पाय हलवणारा चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकला तो लवकर वर आलाच न्हाई.

यंत्र वापस गेलं, तीन फुटी आलं. माळाचं काम मात्र कधीच दुसऱ्यानं केलं होतं. आणि जिल्हा? जिल्हा काही झाला न्हाई, त्या माळावर वेडी बाभूळ पुन्हा छातीएवढी आली. लोक म्हणतात, अप्पांनी कबूल केलं ना, सोड आता. का सोडू? आता तालुक्यातली पोरं अवजार घ्यायच्या आधी मला फोटो पाठवतात, आणि मी ट्रॅक्टरचं माप विचारल्याशिवाय त्यांना दुकानाची पायरी चढू देत न्हाई. अप्पांच्या गादीवर आता त्यांचा पोरगा बसतो. माझं नाव ऐकलं की तोंड आंबट करतो. करू दे.

पण त्या सकाळचं खरं तर वेगळंच सांगायचंय. सगळे पांगल्यावर दादांनी खिशातनं किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला न्हाई. अप्पांवरचा राग एक, आणि त्या दुकानात गप्प बसलेल्या माझ्या बापावरचा राग दुसरा, तो जास्त खोल. मी म्हणाले, "काढली तुम्ही होती. लावा पण तुम्हीच." दादांनी किल्ली मुठीत घेतली. मग तो तुटका गुडघा धरून, दात आवळून, आमच्या बारक्या ट्रॅक्टरवर चढले, किल्ली लावली, आणि सीटवर न बसता बाजूच्या मडगार्डवर सरकले. पारावरनं गेलो आम्ही तसेच, मी चालवत, दादा बाजूला. एक शब्द बोलले न्हाईत, आणि मी पण न्हाई. मला तेव्हा माफी पाहिजे होती. आज वाटतं, ते चढणं म्हणजेच माफी होती. आणि लगेच वाटतं, छे, तोंडानं म्हणायला काय झालं होतं?

तुमच्याबाबतीत झालंय का हो असं? माप दुसऱ्याचं चुकलं, आणि नाव तुमचं खराब झालं? आणि सगळं माहीत असून तुमचंच माणूस तिथं गप्प बसलं? मग तुम्ही काय केलं, सोडून दिलं, का वाढलं ताट?